‘सर्वांत जुनी मधमाशी सापडली’ ही बातमी कशी वाचावी

‘जगातील सर्वांत जुनी मधमाशी सापडली’ असा मथळा अधूनमधून वाचायला मिळतो आणि दर वेळी आकडा वेगळा असतो. कुठे ७ कोटी वर्षे लिहिलेले असते, कुठे १० कोटी, कुठे १२ कोटी, आणि जुन्या लेखांत तर २२ कोटीसुद्धा. हे सगळे आकडे अभ्यासकांच्याच कामातून आलेले असल्यामुळे वाचकाला वाटते की यांच्यातच एकमत नाही, तर आपण काय ठरवणार. माझ्या मते सामान्य वाचकालाही यातले बरेच काही ठरवता येते. त्यासाठी प्रत्येक आकडा नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे आधी शोधावे लागते.

सुरुवात शब्दापासूनच करावी. मराठीत मधमाशी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आग्या, सातेरी आणि फुलोरी येतात, फार तर पेटीतली युरोपीय मेलिफेरा. या सगळ्या ‘एपिस’ या एकाच प्रजातीतल्या आहेत आणि त्या प्रजातीचे जुने जीवाश्म युरोपातील ऑलिगोसीन कालखंडाच्या, म्हणजे ढोबळमानाने २.५ ते ३ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळतात. वाद मात्र एका फार मोठ्या गटाविषयी आहे. त्यात सात कुळे आणि २०,००० हून अधिक जाती येतात: घराच्या वाशाला भोक पाडणारा काळा भुंगा, गुलाबाच्या पानाची गोल चकती कापून नेणारी माशी, भिंतीच्या फटीत राहणारी डंखविरहित माशी, आणि जमिनीत एकेकटी बिळे करून राहणाऱ्या असंख्य माश्या. यांतल्या बहुतेक मध साठवत नाहीत. या सर्वांना मिळून मराठीत रूढ असा एक शब्द नाही, म्हणून मी इथे ‘मधमाशी-गट’ म्हणतो. बातमीत एपिसचे वय सांगितले आहे की या गटाचे, हे पाहिले की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

त्यानंतर हा गट ओळखायचा कसा, हे स्वतःच्या डोळ्यांनी एकदा पाहून घ्यावे. खिडकीत मरून पडलेली एखादी सातेरी पांढऱ्या कागदावर ठेवावी आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन तिचा मागचा पाय पाहावा. नडगीच्या खालचा पहिला पेर रुंद आणि चपटा झालेला दिसतो. मधल्या पायाच्या नडगीच्या टोकाला एकच काटा असतो. शाळेतला सूक्ष्मदर्शक मिळाला तर छातीवरचे केस काचपट्टीवर ठेवून पाहावेत; ते साधे, सरळ नसून पिसासारखे फाटे फुटलेले असतात आणि परागकण त्या फाट्यांत अडकलेले दिसतात. केसांचे हे फाटे मधमाशी-गटाची सर्वांत मोठी खूण मानले जातात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार या गटाचे सर्वांत जवळचे नातेवाईक म्हणजे फुलकिड्यांची शिकार करणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्या. फुलकिडे परागाने माखलेले असतात, त्यामुळे पिल्लांना शिकार भरवता भरवता या वंशाची एक शाखा परागाकडेच वळली असावी, ही कल्पना मला फार पटते. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की सुरुवातीची मधमाशी आणि तिची शिकारी बहीण दिसायला जवळजवळ सारख्याच असणार, आणि वादाचे मूळ इथेच आहे.

याचे चांगले उदाहरण म्हणजे मेलिटोस्फेक्स. म्यानमारच्या कचिन प्रांतातील हुकाँग खोऱ्यात मिळणाऱ्या अंबरात, म्हणजे झाडाच्या अश्मीभूत राळेत, जेमतेम ३ मिलिमीटर लांबीचा एक कीटक सापडला. २००६ मध्ये जॉर्ज पॉइनार आणि ब्रायन डॅनफोर्थ यांनी तो सर्वांत जुनी मधमाशी म्हणून जाहीर केला. त्या अंबराचे वय सुमारे ९.९ कोटी वर्षे आहे आणि ते झिरकॉन स्फटिकांतील युरेनियम व शिसे मोजून ठरवलेले असल्यामुळे वयाबद्दल फारशी शंका नाही. शंका आहे ती ओळखीबद्दल. त्याचे केस फाटे फुटलेले होते, पण मधल्या पायाला काटे दोन होते आणि मागच्या पायाचा तो पेर बारीकच होता. म्हणजे एक खूण मधमाशीची आणि दोन गांधीलमाशीच्या. २०२१ मधल्या फेरतपासणीत तो मधमाशी-गटातून वगळला गेला. आजही जुन्या लेखांत तो सर्वांत जुनी मधमाशी म्हणून भेटतो, तेव्हा त्याचे नाव दिसले की लेखाची तारीख पाहावी.

न्यू जर्सीच्या अंबरातील क्रेटोट्रायगोनाची गोष्ट नेमकी उलटी आहे. १९८८ मध्ये चार्ल्स मिचनर आणि डेव्हिड ग्रिमाल्डी यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. ती डंखविरहित माश्यांच्या गटातील कामकरी माशी आहे आणि तिच्या मधमाशीपणाबद्दल कोणाचा आक्षेप नाही. शंका निघाली ती वयाबद्दल. सुरुवातीला ते सुमारे ८ कोटी वर्षे सांगितले गेले आणि पुढे ६.५ ते ७ कोटींपर्यंत खाली आणले गेले. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हाच्या रूपाने पसरत होता, साधारण त्याच सुमाराची ही माशी. पण म्हणून मधमाश्या त्याच वेळी जन्मल्या असे म्हणता येत नाही. कामकरी माशी आहे म्हणजे राणी आहे, वसाहत आहे, कामाची वाटणी आहे, आणि हे सगळे घडायला आधी फार मोठा काळ जावा लागतो. जीवाश्म नेहमी ‘निदान इतके जुने’ एवढेच सांगतो. तो जन्मदाखला नव्हे, हे वाक्य अशा प्रत्येक बातमीच्या समासात लिहून ठेवावे.

माशी सापडली नाही, पण तिचे घर सापडले, असाही पुरावा असतो आणि तो वाचताना अधिक सावध राहावे लागते. १९९० च्या दशकात ॲरिझोनातील अश्मीभूत जंगलात, ट्रायासिक काळातल्या ओंडक्यांमध्ये, मधमाश्यांच्या कोठड्यांसारखी भोके आढळली आणि मधमाशीचे वय एकदम २२ कोटी वर्षांवर गेले. भोके लाकूड पोखरणारे इतर कीटकही पाडतात, आणि पुढच्या तपासणीत हा दावा टिकला नाही. तो पुन्हा वर येण्याची शक्यता मला दिसत नाही. अर्जेंटिनातील पॅटागोनियामध्ये कास्तियो या खडकथरात मिळालेली सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीची मातीतली घरटी मात्र मला या सगळ्या वादातील सर्वांत मोलाचा पुरावा वाटतात. होर्हे हेनिसे आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत कोठड्यांचा आकार आणि बोगद्याशी असलेली त्यांची मांडणी हॅलिक्टिडी कुळातील आजच्या माश्यांच्या घरट्यांशी जुळते. हे कुळ मधमाशी-गटाच्या वंशवृक्षात मुळाशी बसत नाही, बरेच वरच्या फांदीवर बसते. ती फांदी १० कोटी वर्षांपूर्वी फुटलेली असेल, तर मूळ त्याहून खाली जाणारच.

ते किती खाली, हे जीवाश्म सांगत नाहीत. तिथे रेणवीय घड्याळ कामाला येते. जिवंत जातींच्या जनुकांतील फरक मोजायचे, काही फांद्यांवर वय माहीत असलेले जीवाश्म बांधायचे आणि उरलेल्या फांद्यांचे वय काढायचे, अशी ही पद्धत आहे. या अभ्यासांतील आकडा वाचताना दोन वेगळी वये ओळखावी लागतात. गावातल्या एखाद्या घराण्याचा विचार करावा: आज हयात असलेल्या सगळ्यांचा समाईक पूर्वज कधी होऊन गेला हा एक प्रश्न, आणि हे घराणे आपल्या भाऊबंदांपासून कधी वेगळे झाले हा दुसरा. दुसरी तारीख नेहमी जुनी असते, आणि मधल्या काळात जे जगले त्यांना घराण्यात धरायचे की नाही, यावर उत्तर बदलते. मधमाश्यांचेही तसेच आहे. बातमीत ‘जिवंत मधमाश्यांचा समाईक पूर्वज’ असे म्हटले आहे की ‘गांधीलमाश्यांपासून वेगळे होणे’, ते शोधावे. दोन्हींची सरमिसळ केली की खोटा मतभेद उभा राहतो.

आकड्याबरोबरचा पल्लाही सोडू नये. २०१३ मध्ये सोफी कार्डिनल आणि डॅनफोर्थ यांनी १२.३ कोटी वर्षे हा अंदाज दिला, पण त्याचा पल्ला ११.३ ते १३.२ कोटींचा होता. बातमीत तो पल्ला क्वचितच येतो. २०२३ मध्ये दोनशेहून अधिक जातींच्या जनुकांवर आधारलेला अभ्यासही १२ कोटींच्या थोडे पलीकडेच पोचला आणि त्याने जन्मस्थानही सुचवले: आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकमेकांना चिकटलेल्या होत्या तेव्हाचा पश्चिम गोंडवन, म्हणजे गोंडवन या प्राचीन महाखंडाचा पश्चिम भाग. द्विदल वनस्पतींपैकी सर्वांत मोठ्या गटाचे, तीन खाचांचे परागकण खडकांत सुमारे १२.५ कोटी वर्षांपूर्वीपासून दिसू लागतात. खडकांतला पराग आणि माशीची जनुके असे दोन स्वतंत्र साक्षीदार जवळपास एकाच काळाकडे बोट दाखवतात, म्हणून १२ ते १२.५ कोटी हा आकडा मी आज सर्वांत भरवशाचा मानतो.

२०२३ च्या या अभ्यासात आपल्याकडच्या वाचकाने थांबून वाचावे असे एक निरीक्षण आहे: भारत आणि ऑस्ट्रेलिया या भूभागांवर मधमाशी-गट सुरुवातीला नव्हता. भारतीय उपखंड तेव्हा गोंडवनापासून सुटून निघालेला होता, आणि त्यावरची फुले बराच काळ बहुधा दुसऱ्याच कीटकांच्या भरवशावर होती. सुरत जिल्ह्यातील वस्तान आणि तडकेश्वर येथील लिग्नाइटच्या खाणींत सापडलेल्या, सुमारे ५ ते ५.५ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरात मात्र मागच्या पायावर परागाची टोपली असणाऱ्या गटातील माश्या मिळाल्या आहेत.

शेवटी एक वही करावी. प्रत्येक दाव्यासाठी एक ओळ आणि पाच रकाने आखावेत: कोणत्या गटाचे वय, पुरावा अंगाचा, घराचा की जनुकांचा, खडकाचे वय कसे काढले, आकड्याचा पल्ला किती, आणि फेरतपासणी कोणी केली. मेलिटोस्फेक्सच्या ओळीत शेवटचा रकाना भरायला १५ वर्षे लागली. त्यामुळे आज सकाळी वाचलेल्या बातमीसमोर तो रकाना कोराच ठेवावा आणि ओळ पेन्सिलने लिहावी.