थरांचे शॉट घरी करायचेत? आधी वजनकाटा काढा

शॉट म्हणजे एका घोटात प्यायची थोडीशी दारू, तिच्या छोट्याशा ग्लासात खाली काळपट, मधे दुधी, वर सोनेरी असे तीन थर पट्टीने रेघ मारल्यासारखे बसलेले बघितले की वाटतं ओतणाऱ्याच्या हातात काहीतरी जादू असणार. तसं नाहीये. हात चार-पाच ग्लासांत बसतो, कुणाचाही बसतो. खरी गोम त्याच्या आधीची आहे, कुठलं लिकर (म्हणजे साखर घातलेली, चवीची गोड दारू) खाली आणि कुठलं वर, आणि ते चुकलं तर तुम्ही थेंब थेंब ओतलंत तरी थर लागणार नाही.

जड खाली आणि हलकं वर, इतकं सगळेच सांगतात. पण जड कशामुळे होतं ते कोणी सांगत नाही आणि तिथेच लोक फसतात. लिकरमधे मुख्य गोष्टी तीनच, पाणी, अल्कोहोल आणि साखर. पाण्याची घनता 1 धरली तर शुद्ध अल्कोहोलची 0.79 आणि साखरेची 1.59, म्हणजे अल्कोहोल लिकरला हलकं करतं आणि साखर जड करते, आणि गोड लिकरांमधे या ओढाताणीत साखरच जिंकते. बाटलीवरचा अल्कोहोलचा टक्का बघा आणि जास्त टक्केवालं वर ओता असा सल्ला सर्रास दिला जातो, तो अर्धाच बरोबर आहे. सांबुका घ्या, म्हणजे बडीशेपेसारख्या चवीचं इटालियन लिकर, तिच्यात 38 टक्के तरी अल्कोहोल असतं आणि बेलीज या दुधाच्या क्रीमच्या लिकरमधे 17, म्हणजे टक्क्याच्या हिशोबाने सांबुका वर पाहिजे ना? मी तसंच केलं होतं. बेलीज खाली, त्यावर अगदी जपून चमच्यावरून सांबुका, आणि ती बघता बघता बेलीजमधून खाली घुसली, दुधात पाणी सोडल्यासारखे पांढरे ढग उठले आणि अर्ध्या मिनिटात ग्लासात नुसतं गढूळ. उलट केलं, सांबुका खाली आणि बेलीज वर, तर पहिल्याच झटक्यात रेघ आली. कारण युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे सांबुकामधे लिटरला कमीत कमी 350 ग्रॅम साखर असावीच लागते.

बाटलीच्या नावातही खूण असते. नावापुढे 'क्रेम द' असेल तर त्यात साय किंवा क्रीम नसतं, त्याच नियमांत त्याचा अर्थ लिटरला किमान 250 ग्रॅम साखर असा आहे, आणि क्रेम द कॅसिसला (काळ्या करंटचं लिकर) तर किमान 400. त्यामुळे क्रेमवाल्या बाटल्या तळाच्या समजायच्या.

अंदाजासाठी घनतेचे आकडे देते, कंपनीगणिक थोडा फरक पडतो हे धरून चाला. ग्रेनडीन सिरप (लाल, बिनदारूचं) 1.18 च्या आसपास, काहलुआ (कॉफीचं लिकर) 1.15, क्रेम द मेंथ (पुदिन्याचं) 1.12, ब्लू क्युरासाओ (निळं, संत्र्याचं) 1.11, अमारेट्टो (बदामाच्या चवीचं) 1.10, सांबुका 1.09, बेलीज 1.05, क्वांत्रो 1.04, ग्रँड मार्निए 1.03 (ही दोन्ही संत्र्याची), आणि 40 टक्क्यांची साधी व्होडका 0.95, ती सगळ्यात वर तरंगते. दोन आकड्यांत अंतर जितकं जास्त तितका थर सोपा. बेलीज आणि ग्रँड मार्निएमधे फक्त दोन शतांशाचं अंतर आहे, म्हणून तिथे हात एकदम हलका लागतो, आणि काहलुआवर बेलीज मात्र जवळजवळ आपोआप बसतं.

पण कुठल्याही तक्त्यावर डोळे झाकून विसंबू नका, तुमच्याकडची बाटली वेगळ्या कंपनीची असू शकते. किचनमधला डिजिटल वजनकाटा घ्या, त्यावर रिकामा कप ठेवून शून्य करा, त्यात बरोब्बर 100 मिलि लिकर मोजून घाला आणि वजन बघा, 105 ग्रॅम आलं तर घनता 1.05, इतकं सोपं. मग ते परत बाटलीत ओता, कप धुवून कोरडा करा आणि पुढची बाटली. मोजताना प्रत्येक वेळी तोच कप आणि तीच खूण घ्या, कारण इथे एक-दोन मिलिची चूकसुद्धा क्रम उलटा दाखवू शकते. आकडे बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा, परत कधी विचार करायला नको. मला विचाराल तर हीच सगळ्यात कामाची गोष्ट आहे.

महागातल्या बाटल्या उघडायच्या आधी साखरेच्या पाण्यावर हात बसवा, खरंच करा हे. चार ग्लासांत सारखं पाणी घ्या, पहिलं तसंच ठेवा, दुसऱ्यात दोन चमचे साखर, तिसऱ्यात चार, चौथ्यात सहा, साखर पूर्ण विरघळू द्या, प्रत्येकात खायचा वेगळा रंग टाका आणि सगळ्यात गोड तळाला घेऊन वर वर चढत जा. साखरेच्या पाण्याला जमलं की लिकरला जमतंच, कारण गणित तेच आहे.

आता ओतणं. ग्लास अरुंद आणि सरळ बाजूंचा घ्या, पसरट ग्लासात तेवढंच लिकर पातळ पसरतं आणि थर दिसतच नाही. ग्लास कोरडा पाहिजे. पहिलं लिकर मधोमध ओता, काठाला ओघळ लागू देऊ नका, नाहीतर तो वरच्या थरातून दिसत राहतो. मग चमचा उलटा धरा, म्हणजे फुगीर बाजू वर, त्याचं टोक ग्लासच्या आतल्या भिंतीला टेकवा आणि खालच्या लिकरच्या पृष्ठभागाच्या किंचित वर ठेवा, बुडवू नका. दुसरं लिकर बाटलीतून थेट नको, बाटलीची धार हातात राहत नाही. पेग मेजरमधे किंवा चोच असलेल्या छोट्या कपात काढून घ्या आणि चमच्याच्या पाठीवर दोऱ्यासारखी धार सोडा, ती पाठीवरून पसरून भिंतीवरून खाली उतरते आणि पृष्ठभागावर अलगद पसरते. पहिले काही थेंब सगळ्यात नाजूक, तेव्हा घाई केलीत तर तिथेच खड्डा पडून मिसळतं, एकदा पातळ पापुद्रा धरला की मग थोडी धार वाढवली तरी चालते. लेव्हल वर येईल तसा चमचाही वर न्या. आणि पुढच्या लिकरच्या आधी चमचा पुसा, हे बरेच जण विसरतात.

बार स्पून (बारमधला लांब दांड्याचा चमचा) नसला तर अडत नाही, चहाचा चमचाही चालतो. हात थरथरत असेल तर सुई नसलेली स्वच्छ, नवी 10 मिलिची सिरिंज घ्या, टोक भिंतीला टेकवून हळूहळू दाबा, रेघ इतकी स्वच्छ येते की मी शेवटच्या थराला आता तीच वापरते. लिकर सगळी एकाच तापमानाला ठेवा, सगळी फ्रिजमधली किंवा सगळी बाहेरची, कारण थंड झालं की द्रव थोडा जड होतो, आणि आकडे जवळजवळचे असतील तर तेवढ्यानेही गडबड होते.

पहिला शॉट म्हणून बेबी गिनेस करा. तीन भाग काहलुआ किंवा दुसरं कॉफी लिकर, एक भाग बेलीज वर, फेस आलेल्या काळ्या बिअरच्या इवल्याशा ग्लासासारखं दिसतं आणि चुकायला जागाच नाही. ते जमलं की बी-52, काहलुआ, बेलीज, ग्रँड मार्निए, प्रत्येकी 15 मिलि, ह्याच क्रमाने. काहलुआच्या जागी हिरवं क्रेम द मेंथ घातलं की आयरिश फ्लॅग, हिरवा-पांढरा-केशरी.

बेलीज असेल तिथे लिंबू किंवा कुठलाही आंबट रस जवळ आणू नका, आंबटपणाने त्यातलं दुधाचं प्रोटीन फाटतं आणि गुठळ्या होतात. दुसरं, हे थर तेल-पाण्यासारखे कायमचे वेगळे नसतात, ही सगळी एकमेकांत विरघळणारीच आहेत, फक्त हलवलं नाही म्हणून वेगळी थांबलेली, त्यामुळे वेळ जाईल तशी रेघ धूसर होत जाते आणि एकदा मिसळलं की परत सुटं होत नाही.

बी-52 पेटवून देतात ते बघितलं असेल, ते घरी करू नका असंच मी सांगेन. अल्कोहोलची ज्योत फिकट निळी असते, उजेडात दिसतच नाही, ग्लासची कड भाजण्याइतकी तापते आणि जवळ बाटली उघडी असेल तर ज्योत तिच्यापर्यंत जाऊ शकते. चवीत त्याने काही भर पडत नाही.

आणि गोड लागतं म्हणून हलकं समजू नका. वरच्या 45 मिलिच्या बी-52 मधे काहलुआ 20 टक्क्यांचा धरला तर साडेअकरा मिलि, म्हणजे साधारण 9 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं, आणि साखरेमुळे ते जिभेला कळत नाही. पाहुण्यांना आधीच सांगा, मधे पाणी ठेवा, गाडी चालवणाऱ्याला आणि कायद्याने वय न झालेल्याला साखरेच्या पाण्याचे रंगीत थर द्या, दिसायला तितकेच छान दिसतात.

जास्त ग्लास भरायचे असतील तर एकेक ग्लास पूर्ण करत बसू नका, आधी सगळ्या ग्लासांत तळाचा थर, मग सगळ्यांत मधला, मग वरचा, म्हणजे चमचा दोनदाच पुसावा लागतो आणि हातालाही लय सापडते. आणि जिथे प्यायचे त्याच टेबलावर भरा, भरलेला ट्रे उचलून नेताना हमखास हिंदकळतो.