पिंपळपानाचं मातीचं लटकन

जाड सुती कापडावर मळलेल्या मातीचा गोळा ठेवा. दोन्ही बाजूंना ५-६ मिलिमीटरच्या लाकडी पट्ट्या लावून त्यांवरून लाटणं फिरवा, म्हणजे जाडी सारखी येते. (लाटणं मातीसाठी वेगळंच ठेवा, घरात वाद नकोत.) स्लॅब (लाटलेला मातीचा थर) मधूनमधून उलटा करा, नाहीतर वाळताना वाकतो.

ताज्या पानाची मागची, शिरा उठलेली बाजू मातीला लावून हलकं लाटा. पान न काढताच कडेकडेने सुईने कापा, मग अलगद सोलून घ्या. दोऱ्यासाठीचं भोक स्ट्रॉने पाडा, जरा मोठंच. वाळताना आणि भाजताना माती आकसते. कडा ओल्या स्पंजने पुसायचा कंटाळा मी करत नाही. भाजलेली कड बोट कापते.

वाळवायला पंखा अजिबात नको. दोन प्लायच्या फळ्यांमध्ये ठेवा. पावसाळ्यात आठवडाही लागतो. गालाला लावून गार लागलं, तर आत ओल आहे.

पहिली भाजणी साधारण १००० अंश सेल्सिअसवर. मग लोह ऑक्साइड पाण्यात कालवून फासा आणि पुसून टाका, तपकिरी रंग फक्त शिरांत उरतो. चकचकीत ग्लेझ (काचेसारखा लेप) मला इथे आवडत नाही, शिरा बुजतात. दुसऱ्या भाजणीसाठी पॉटरी स्टुडिओत देणार असाल, तर माती कोणती ते आधी सांगा. टेराकोटा (लाल माती) स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त तापमानाला भाजायच्या मातीच्या, तापमानाला वितळू शकतो.