थायलंडमध्ये उतारवयात राहायचे तर स्थानिकांचे वागणे कसे ओळखावे

पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाने थाई बँकेत ८ लाख बात (थाई चलन) ठेवले किंवा दरमहा ६५ हजार बात उत्पन्न दाखवले, तर निवृत्तीच्या कारणाने त्याला तेथील वास्तव्याला एकेका वर्षाची मुदतवाढ मागता येते. त्यामुळे पट्टाया, हुआ हिन, चियांग माई आणि ईशान्येकडील उदोन थानी येथे पाश्चात्त्य देशांतील अनेक वृद्ध कायमचे राहतात. हा मार्ग भारतीयांनाही खुला असल्याने, तेथे जाण्याचा विचार करणाऱ्या मराठी वाचकांनी या लोकांना स्थानिकांकडून कसे वागवले जाते ते नीट समजून घ्यावे. थायलंडमध्ये वयाला मान निश्चित आहे, परंतु त्या मानाबरोबर वडीलधाऱ्याची कर्तव्येही येतात, आणि बहुतेक गैरसमज ही दुसरी बाजू न कळल्यामुळे होतात.

सुरुवात संबोधनापासून करावी. ओळख वाढली की शेजारची मुले वयस्क परदेशी पुरुषाला ‘लुंग’, म्हणजे काका, म्हणू लागतात. तोवर नावाआधी ‘खुन’ लावून आदराने बोलतात. हात जोडून केलेला ‘वाय’ आधी लहानाने करायचा असतो आणि मोठ्याने त्याला प्रतिसाद द्यायचा असतो. लहान मुलाला किंवा दुकानातील नोकराला आपण होऊन वाय करू नये. त्यामुळे समोरचाच संकोचतो, आणि तेथे हसून मान हलवणे पुरेसे असते. भिक्खूला मात्र वय कितीही असो, आपणच आधी नमस्कार करावा आणि त्याच्याकडून उलट नमस्काराची अपेक्षा ठेवू नये. १३ एप्रिलला, सोंगक्रानच्या म्हणजे थाई नववर्षाच्या दिवशी, तेथे ज्येष्ठांचा दिवसही पाळला जातो. त्या सुमारास तरुण मंडळी हातावर सुगंधी पाणी घालायला आली, तर शांतपणे बसून त्यांना आशीर्वाद द्यावा. माझ्या मते, परक्या माणसाला वडीलधाऱ्यांत धरल्याची याहून स्पष्ट खूण नाही.

पैशाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. एकत्र जेवायला गेल्यावर जो वयाने किंवा ऐपतीने मोठा असेल त्याने बिल द्यावे, ही थाई लोकांमधलीच रीत आहे. परदेशी म्हणून कोणी लुबाडत आहे असे लगेच मानू नये. इसान या ईशान्य भागातल्या कुटुंबात लग्न केलेल्या पाश्चात्त्य जावयांना हे विशेष जाणवते. लग्नाच्या वेळी वधूच्या आईवडिलांना द्यायची रक्कम आणि नंतर त्यांच्या म्हातारपणाला लागणारा हातभार, या दोन्हींची अपेक्षा असते. बँकॉकमध्ये कामाला गेलेली मुलगीदेखील गावी पैसे पाठवतेच. मात्र मदत किती करायची ते पती-पत्नीने आधीच ठरवावे आणि तेवढीच नियमितपणे करावी. एकदा मोठी रक्कम देऊन पुढे हात आखडता घेतल्याने मने अधिक दुखावतात. घर बांधताना तर विशेष जपावे. परदेशी माणसाला सहसा जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही, म्हणून पत्नीच्या जमिनीवर बांधायचे असल्यास भूमी कार्यालयात तहहयात उपभोगाचा हक्क किंवा ३० वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा नोंदवून घ्यावा. प्रेमाच्या नात्यात कागद कशाला, असा संकोच येथे अजिबात करू नये.

राष्ट्रीय उद्यानांत परदेशी व्यक्तीकडून स्थानिकांच्या कित्येक पट प्रवेशशुल्क घेतले जाते. ते बोचते, पण तिकीटखिडकीवरच्या मुलीशी वाद घालून काहीच साधत नाही. थायलंडमध्ये चारचौघांत आवाज चढवणाऱ्याची पत जाते आणि वयामुळे त्याला सूट मिळत नाही. उलट, मोठ्याने तोल सांभाळावा अशीच अपेक्षा असते. इमिग्रेशन कार्यालयात अधिकारी मुलाच्या वयाचा असला तरी तेथे त्याच्या पदाला मान द्यावा, अंगभर व नीटनेटके कपडे घालून जावे आणि दर ९० दिवसांनी पत्ता कळवण्याचा नियम चुकवू नये. समोरच्याच्या हसण्याला होकार समजू नये. नकार देऊन तुम्हाला अवघडवणे टाळण्यासाठीही माणसे हसतात, म्हणून महत्त्वाची गोष्ट थोड्या वेळाने, एकांतात आणि वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारावी.

पट्टायासारख्या शहरांमुळे एकट्या वयस्क गोऱ्या पुरुषाकडे काही सुशिक्षित थाई लोक संशयाने पाहतात, हे खरे आहे आणि अनेकांच्या बाबतीत ते अन्यायाचे आहे. त्याविषयी खुलासे देत बसण्यापेक्षा रोज त्याच बाजारात जावे, मोडकीतोडकी का होईना थाई बोलावी आणि जवळच्या बौद्ध मंदिरातील भिक्खूंना सकाळी अन्नदान करावे. अशा माणसाला गल्ली लवकर आपला मानते.

आजारपणाची तयारी धडधाकट असतानाच करावी. सरकारी रुग्णालयांत रोग्याजवळ घरचे माणूस असेल असे गृहीत धरले जाते, म्हणून विश्वासू शेजाऱ्याला आधीच विचारून त्याचा क्रमांक पारपत्रासोबत ठेवावा. २००७च्या राष्ट्रीय आरोग्य कायद्यातील कलम १२ नुसार अखेरच्या काळात केवळ आयुष्य लांबवणारे उपचार नकोत, असे लिहून ठेवता येते. त्या लेखाची थाई भाषेतील प्रत शेजाऱ्याकडे आणि नेहमीच्या डॉक्टरकडे द्यावी.