पिट्ठू भिजला तरी अंथरूण कोरडं

एनसीसीच्या फील्ड ट्रेनिंगला आमचा मुक्काम बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या बाजूला होता. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पाऊस कसा लागून राहतो, हे इकडच्यांना सांगायला नको. पिट्ठूला, म्हणजे पाठीवरच्या सॅकला, रेनकव्हर होतं, तरी पाठीच्या बाजूने पाणी झिरपायचं आणि स्लीपिंग बॅग ओली व्हायची. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमधून निवृत्त झालेल्या आमच्या गल्लीतल्या सुभेदार काकांनी पिट्ठू रिकामा करून नव्याने भरायला लावला.

आधी आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी. तिच्यात तळाला स्लीपिंग बॅग, रात्रीचे कपडे, मोजे. हवा दाबून काढायची, तोंड पिळायचं, दुमडायचं आणि मग बांधायचं. नुसत्या गाठीतून पाणी शिरतंच. रेशन आणि पाणी ही जड वजनं पाठीला लागून, खांद्यांच्या पात्यांमध्ये. बाहेरच्या बाजूला गेली की चढावर पिट्ठू मागे ओढतो. रेनकेप, टॉर्च सगळ्यात वर.

रात्रीच्या थंडीचं कारण मात्र खाली होतं. अंगाच्या वजनाने स्लीपिंग बॅगेचं खालचं भरण दबतं, त्यातली हवा जाते, आणि ऊब तर हवाच धरते. त्यामुळे वरून आणखी एक चादर ओढून भागत नाही. अंगाखाली आधी ग्राउंडशीट, तिच्यावर फोमची मॅट. मॅट नसेल तर ग्राउंडशीटखाली कोरडं भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, जाडसर पसरा. खानापूरकडे सुगीनंतर ते सहज मिळतं.

पहाटे ओला गणवेश पुन्हा चढवणं जिवावर येतं. तरी चढवाच. कोरडा जोड फक्त झोपेसाठी.