घरात हगवण लागली तर: पहिल्या तासापासून विहिरीपर्यंत

मृगाच्या पावसात नाल्याला पहिला पूर गेला, की विदर्भातल्या खेड्यांत संडास-उलट्यांचे पेशंट निघायला लागतात. निंदणाचे दिवस असतात, मोठी माणसं वावरात असतात, आणि घरी लेकरू सकाळपासून चार वेळा गेलेलं असतं. बहुतेक घरांत पहिला विचार येतो सुई-सलाईनचा. तालुक्याला जायला गाडी शोधण्यात दोन-तीन तास जातात आणि तेवढ्या वेळात पोराच्या पोटात पाण्याचा घोटही जात नाही. खरा धोका त्या दोन-तीन तासांतच आहे.

कारण समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जातं. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, त्यातले जवळपास सगळे मोठ्या आतड्यात. ते अन्नातला न पचलेला चोथा मोडतात आणि बाहेरच्या जंतूंना तिथे जागा मिळू देत नाहीत. १८८५ मध्ये थिओडोर एशेरिश यांनी लहान मुलांच्या विष्ठेत शोधलेला ई. कोलाय हाही या घरच्यांपैकीच. पण त्याच्या काही जाती विष तयार करतात. पटकीचा (कॉलऱ्याचा) जंतू वेगळा, पण विष तयार करणाऱ्यांत तो सगळ्यात वाईट. त्याचं विष आतड्याच्या आवरणाला पाणी आणि मीठ बाहेर टाकायला लावतं, हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं. जोराच्या पटकीत मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. जंतू आतड्यातच राहतो, माणूस दगावतो तो अंगातलं पाणी संपल्यामुळे.

म्हणून पहिलं काम: ओआरएस.

विष चढलेलं असलं तरी आतड्यातला एक दरवाजा चालू राहतो. साखर आणि मीठ बरोबर आले, की तो दोघांना आत घेतो आणि त्यांच्या मागे पाणी जातं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये कालवून नातेवाइकांच्याच हाती पाजायला दिलं. मृत्यूंचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. जमिनीवर पडलेले पेशंट आणि पाजणारे घरचेच लोक, एवढ्यावर ते घडलं. आपल्या घरी तर त्यापेक्षा सोय बरी असते.

मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं. पूर्ण पाकीट, पूर्ण लिटर. अर्धं आज, अर्धं उद्या, किंवा अख्खं पाकीट गडव्याभर पाण्यात, हे दोन्ही चुकीचं. पाणी उकळून गार केलेलं असावं. कालवलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्या. पाकीट आशाताईकडे, अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात फुकट मिळतं. मेडिकलमधून घ्यायचं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं मागा. ओआरएससारखं नाव लावलेली गोड पेयं यात चालत नाहीत, त्यांतल्या जादा साखरेने जुलाब वाढतात. पाकीट नसेलच, तर लिटरभर पाण्यात साखरेचे ६ सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट छोटा चमचा. मीठ अंदाजाने टाकू नका.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तिथलं बोअरचं पाणी आधीच खारं. त्यात ओआरएस कालवलं तर मिठाचं प्रमाण वाढतं आणि लहान लेकराला ते घातक ठरू शकतं. ओआरएस गोड्या पाण्यातच करा, मग ते नळाचं असो की जारचं, उकळून.

किती पाजायचं? प्रत्येक पातळ संडासनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलि, दहा वर्षांपर्यंत १०० ते २०० मिलि, मोठ्यांना पितील तेवढं. लहानग्याला चमच्याने द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, आणखी सावकाश. इथेच बहुतेक आया धीर सोडतात, “पोटात काही राहतच नाही” म्हणून. पण उलटीत सगळं पडत नाही.

अंगावरचं दूध बंद करू नका. जेवणही बंद करू नका. पेज, वरणाचं पाणी, मुगाची खिचडी, केळं, ताजं ताक, जे जाईल ते द्या. मुलांना झिंकची गोळी सुरू करा: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत २०, आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण. गोळी दुधात किंवा पाण्यात विरघळते.

मेळघाटात पोट फुगलं की लेकराला डम्मा देतात, तापलेल्या लोखंडाने पोटावर डागतात. त्याने आतला जंतू मरत नाही, वरून जखम मात्र होते. हे होऊ देऊ नका, घरातल्या म्हाताऱ्यांशी वाद झाला तरी चालेल.

आता औषधं. मेडिकलवाल्याकडून दोन रंगांच्या गोळ्या आणून खायची सवय आपल्याकडे पक्की आहे, तिच्याबद्दल मला खरंच राग आहे. लहान मुलांची बरीच हगवण रोटासारख्या विषाणूंची असते आणि अँटिबायोटिकचा विषाणूवर काही परिणाम होत नाही. मरतात ते आतड्यातले घरचे जिवाणू, आणि त्यांची जागा कधीकधी आणखी चिवट जंतू घेतो. संडास एकदम बंद करणारी गोळी मुलांना कधीच देऊ नका, आणि रक्त पडत असेल तर मोठ्यांनीही घेऊ नये.

रक्त-आव पडते तो बहुधा शिगेला नावाच्या जंतूचा प्रकार. दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी तो आजार करतो, म्हणून एका घरात एकापाठोपाठ सगळ्यांना होतो. त्याला डॉक्टरांनी ठरवलेलं अँटिबायोटिक लागतं. बरेच दिवस चढत जाणारा ताप असेल तर टायफॉइडची शंका घ्यावी, त्यात जुलाब होतीलच असं नाही.

लगेच दवाखाना कधी गाठायचा: डोळे खोल गेले, पोटाच्या कातडीला चिमटा घेऊन सोडला तर ती सावकाश खाली बसते, सहा-आठ तास लघवी नाही, लेकरू सुस्त पडलं आहे किंवा पिऊच शकत नाही, रक्त पडतं आहे, संडास तांदळाच्या धुवणासारखी आहे, किंवा बाळ दोन महिन्यांच्या आतलं आहे. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत, वाटेतसुद्धा, पाजत राहा. सलाईन खरं लागतं ते अशा पेशंटला.

दोन-तीन घरांत एकाच वेळी सुरू झालं, तर प्रश्न पाण्याचा आहे. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी-कोयलारीत उघड्या विहिरीच्या पाण्याने साथ पसरली आणि माणसं गेली. आशाताईला त्याच दिवशी कळवा. ग्रामपंचायतीकडे एच-टू-एसची बाटली असते. तीत खुणेपर्यंत पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर पाण्यात विष्ठेचे जंतू आहेत. टीडीएसचं मीटर पाण्यातले क्षार मोजतं, जंतू मोजत नाही, आणि तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत.

विहिरीत टीसीएल (ब्लिचिंग) पावडर टाकण्याचं काम जलसुरक्षकाचं, म्हणजे गावचं पाणी सांभाळणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसाचं. पण हिशेब प्रत्येकाला यावा. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला ०.७८५ ने गुणा, की घनमीटर आले. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर. चांगली, बंद डब्यातली पावडर हजार लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे ७० ग्रॅम. उघड्या पोत्यातल्या पावडरीचा क्लोरीन उडून गेलेला असतो आणि पुराचं गढूळ पाणी जास्त खातं, तिथे मात्रा वाढवावी लागते.

पावडर तशीच भिरकावू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, बादली पाऊण भरा, दहा मिनिटांनी चुना खाली बसला की वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घ्या. ती दोराने विहिरीत सोडून पाण्याखाली खालीवर हलवा. चुन्याचा साका विहिरीत टाकायचा नाही. तासभर कोणी पाणी भरू नये. मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते पाहण्याची तपासणी: नमुना पिवळा झाला तर क्लोरीन शिल्लक आहे, रंग आलाच नाही तर पुन्हा टाकावं लागेल. हे रात्री केलं तर पहाटे बाया गुंड-घागरी घेऊन येईपर्यंत पाणी तयार असतं. साथ चालू असेपर्यंत हे रोज करायचं, आणि घरी पिण्याचं पाणी तरीही उकळायचं.