सासूबाईंचा बाकाल्याऊ, लक्झेंबर्गच्या स्वयंपाकघरात

नवरा पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराचा, संसार लक्झेंबर्गमध्ये. 24 डिसेंबरच्या रात्री बाकाल्याऊ, म्हणजे खारवलेला सुका कॉड मासा, हवाच. इथे पोर्तुगीज वस्ती मोठी, त्यामुळे तो सहज मिळतो. खरी परीक्षा मीठ उतरवण्याची. जाड तुकडे दोन दिवस आधी गार पाण्यात, कातडीची बाजू वर ठेवून, फ्रिजमध्ये भिजवा. पाणी दिवसातून तीन-चारदा बदला. पहिल्या वर्षी मी एकदाच बदललं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या पाणी पीत राहिल्या!

बटाटे, कोबीची पानं, अंडी उकडून घ्या. मासा मंद आचेवरच शिजवा, खळखळ उकळी नको. वरून लसूण आणि ऑलिव्ह तेल, हात आखडता न घेता. उरलेलं सगळं दुसऱ्या दिवशी तेल-लसणात परता. त्याला म्हणतात ‘रोपा वेल्या’, जुने कपडे. मला तेच जास्त आवडतं.