जबड्याचा 'टक' आवाज थांबला आणि तोंडच उघडेना : माझा अनुभव

दोनेक वर्षं घास घेताना उजव्या कानापुढे 'टक' व्हायचं. दुखत नव्हतं. एके सकाळी आवाज बंद. मला वाटलं, सुटलो. झालं होतं उलटं. जबड्याच्या सांध्यातली चकती, म्हणजे दोन हाडांमधली लवचीक गादी, आधी पुढे सरकून परत जागेवर यायची (तोच तो 'टक'), आता ती पुढेच अडकली होती. तोंडात दोन बोटंही नीट जाईनात, उघडताना हनुवटी उजवीकडे ओढली जायची.

कानात थेंब घातले, वेदनाशामक गोळ्या घेतल्या. 'व्यायाम' म्हणून च्युइंगगम चघळलं, त्याने तर वाढलंच. जाम वैतागलो होतो.

शेवटी दंतवैद्यांनी सांगितलेला क्रम लागू पडला. पहिले दोन आठवडे फक्त मऊ खाणं. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. मग दिवसातून दोनदा 15 मिनिटं ओला गरम शेक. शेक संपताच आरशासमोर बसून जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला लावायचं आणि ते न सोडता हळूहळू तोंड उघडायचं, हनुवटी सरळ खाली. असं 6 वेळा. दुखलं की थांबायचं.

दिवसभर मात्र ओठ मिटलेले, दात सुटे. कामात मी दात किती आवळतो हे तेव्हाच कळलं! मॉनिटरच्या कडेला 'दात' लिहिलेली चिठ्ठी अजून आहे.

सहा आठवड्यांत तीन बोटं जायला लागली. 'टक' परत आला नाही. चकती पुढेच आहे, मागच्या ऊतींनी जुळवून घेतलंय. तोंड उघडं राहून मिटतच नसेल तर मात्र हे करू नका, तडक डॉक्टरांकडे जा.